मिक्सर घ्यायचाय? आधी टेप काढा

दुकानात जायच्या आधी टेप घ्या आणि वाट मोजा. रस्ता नव्हे, वाट. गाडीरस्ता संपतो तिथपासून घराच्या चौथऱ्यापर्यंतची. कोकणात घरांची कामं घेणाऱ्या छोट्या कंत्राटदाराने काँक्रीट मिक्सर घेताना एचपी, ड्रम, टायर, भाव सगळं विचारावं, पण वाट मोजून झाल्यावर. मी मागच्या खेपेला हे उलट केलं. मशीन उत्तम होतं, फक्त ते बेड्याच्या, म्हणजे आवाराच्या फाटकाच्या, बाहेर उभं राहिलं आणि अख्ख्या स्लॅबचा माल घमेल्यांनी आत न्यावा लागला. म्हणून ही यादी, आणि म्हणून तीत एकच गोष्ट पुन्हापुन्हा येणार आहे.

मोजायचं कसं? केलेल्या आणि हातात असलेल्या कामांपैकी सगळ्यात वाईट वाट निवडा. चांगल्या वाटेने कुठलंही मशीन जातं. मशीनच्या रुंदीएवढा बांबू कापा, कमरेच्या उंचीवर आडवा धरा आणि सरळ चालत जा. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टोक घासलं, पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, वळणावर बांबू तिरका करावा लागला, बेड्याच्या खांबात अडकला, की तिथे थांबा. तिथे मशीनही थांबणार आहे. रुंदी मात्र माहितीपत्रकातली घेऊ नका. ती बऱ्याचदा चाकांची असते. बाहेर आलेलं हँडल, माल उचलून ड्रममध्ये ओतणाऱ्या हॉपरचे लिव्हर, बेल्टचं कव्हर तीत धरलेलं नसतं. विक्रेत्याच्या आवारात उभ्या मशीनला स्वतः टेप लावा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वळणासाठी लांबीही लागते, ती ओढायच्या दांड्यासकट. पुढे ट्रॅक्टर वळतो, मागे मशीन कोपरा कापतं आणि गडग्याचे चिरे घेऊन येतं. गडगा नेमका शेजाऱ्याचा असतो, आणि शेजारी नेमका मुंबईहून आलेला असतो.

वाटेत साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, असेल तर थांबून विचार करा. हॉपरवाला एक बॅगचा, म्हणजे एका वेळी सिमेंटची एक बॅग घेणारा, मिक्सर इंजिनासकट टनाच्या घरात जातो; माणसं आणि गुरं जायला बांधलेल्या साकवावर तो घालायचा का, हे ग्रामपंचायतीला विचारण्याआधी स्वतःला विचारा. पायऱ्या असतील तर मशीनचा खालचा सांगाडा जमिनीपासून किती वर आहे ते बघा. वरही बघा. फणसाची फांदी तोडता येते, खाली लोंबणारी वीजतार तोडता येत नाही, आणि उभा केलेला हॉपर किंवा माल वर नेणाऱ्या लिफ्टचा खांब तिला लागला तर पुढचं बोलायला कोणी उरत नाही. जिथे मशीन उभं राहणार ती जागाही मोजा. हॉपर खडी-वाळूच्या ढिगाकडे हवा, ड्रमचं तोंड माल उचलणाऱ्यांकडे, म्हणजे दोन्ही बाजूंना माणसं फिरायला जागा लागते. हॉपर जमिनीला टेकवून भरायचा तर तिथे थोडा खड्डा घ्यावा लागतो. जांभ्याच्या कातळावर तो ऐन वेळी निघत नाही.

हे सगळं कागदावर आलं की मगच आकार ठरवा.

बाजारात 10/7 म्हणतात तो एक बॅगचा: 10 घनफूट सुका माल आत जातो, 7 घनफूट ओला बाहेर येतो. लिटरमध्ये साधारण 280 आणि 200. 5/3.5 म्हणजे अर्ध्या बॅगचा. मिक्सरच्या भारतीय मानकात, आयएस 1791 मध्ये, आकार तयार मालाच्या लिटरमध्ये धरतात आणि पुढे अक्षर येतं, म्हणजे 200T हा कलता ड्रम, 200NT हा न कलणारा. विक्रेता नुसता ‘दोनशेचा’ म्हणाला तर आत 200 की बाहेर 200, ते विचारून घ्या. एवढ्याशा गोंधळात लोकांनी छोटं मशीन मोठ्याच्या भावात घेतलेलं आहे.

आता हिशेब. सिमेंटची 50 किलोची बॅग म्हणजे सव्वा घनफूट. 1:2:4 चा, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी या प्रमाणातला, सुका माल एका बॅगला पावणेनऊ घनफूट भरतो, 1:1.5:3 चा सातच्या थोडा आत. दोन्ही 10/7 मध्ये नीट बसतात. पण पायाखालच्या पीसीसीसाठी, म्हणजे सळईविना साध्या काँक्रीटसाठी, 1:3:6 करायला गेलात की एका बॅगला साडेबारा घनफूट होतात आणि ड्रमच्या तोंडातून खडी बाहेर सांडायला लागते. तिथे बॅग मोजून कमी घ्यावी लागते, आणि ‘मशीन एक बॅगचं आहे ना’ म्हणून मुकादम ती घेत नाही, खडीच कमी टाकतो. मालक खूश, तुमचं सिमेंट जास्त.

हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे चार ब्रासच्या, म्हणजे 400 घनफुटांच्या, वर माल, बीम वेगळे. एम 20 प्रतीच्या काँक्रीटसाठी 1:1.5:3 धरलं तर एका बॅगमधून साडेचार घनफुटांच्या आसपास काँक्रीट निघतं, म्हणजे पंचाण्णवच्या आसपास घाणे, एका वेळी ड्रममध्ये कालवला जातो तो एक घाणा. भरणं, फिरवणं, ओतणं मिळून घाण्याला चार मिनिटं धरली तर सव्वासहा तासांच्या वर. काँक्रीटच्या मानकात, आयएस 456 मध्ये, फिरवण्याचा वेळ किमान दोन मिनिटांचा सांगितलाय, त्यामुळे घाई करून तो खाली आणू नका. आता हेच अर्ध्या बॅगच्या मशीनवर काढा: घाणे दुप्पट, रात्र झालीच, आणि कुठेतरी आदला माल आवळून बसल्यावर त्याला नवा माल लागणार. तोच जोड पावसाळ्यात गळतो. सिमेंटचा सुरुवातीचा आवळण्याचा वेळ किमान 30 मिनिटांचा असतो, प्रत्यक्षात जास्त मिळतो, पण मे महिन्याच्या उन्हात त्या जास्तीवर भरवसा ठेवू नये.

मग मोठंच घ्यावं ना? नाही, वाट मोजली असेल तर उत्तर कागदावर आहे. पाखाडीतली कामं निम्म्याहून जास्त असतील तर माझं मत सरळ आहे: एक हॉपरवाला घेण्यापेक्षा अर्ध्या बॅगचे दोन घ्या. ते चार माणसं ढकलून आत नेतात, एक बंद पडला तर दुसरा चालतो, छोट्या कामाला एकच न्यायचा. तोटा आहे: हॉपर नाही, भरायला माणसं जास्त लागतात आणि ओतताना ड्रम कलवणाऱ्याचे खांदे भरून येतात. गाडीरस्त्याला लागून कामं असतील तर मात्र हॉपरवालाच, त्यात वाद नाही. दोन मजली कामं वाढली असतील तर लिफ्ट जोडता येईल असा. आणि वर्षाला चार-दोनच स्लॅब पडत असतील तर घेऊच नका. मिक्सर आणि लिफ्ट घेऊन येणाऱ्या टोळ्या आहेत, त्यांना बोलवा. मशीन बिघडलं तर ती त्यांची डोकेदुखी. कोकणात मृगापासून चार महिने मशीन झाकून ठेवायचं असतं, हप्ता मात्र झाकता येत नाही.

इंजिन की मोटर. मोटर शांत, स्वस्त, धूर नाही. पण एक बॅगच्या मशीनला थ्री फेज लागतं, आणि बऱ्याच साइटवर सिंगल फेजही शेजाऱ्याकडून वायर ओढून आणलेली असते. लांब केबलने व्होल्टेज पडतं, भरलेला ड्रम फिरवताना मोटर गुरगुरते आणि वास यायला लागतो. स्लॅबच्या मधोमध वीज गेली तर काय, याचं उत्तर ज्याच्याकडे नाही त्याने डिझेल घ्यावं. किर्लोस्कर, ग्रीव्हज असल्या इंजिनांचा फायदा हा की तालुक्याच्या गावात ती खोलणारा मिस्त्री सापडतो. अनोळखी इंजिन दहा हजारांनी स्वस्त मिळालं तर ते कोण खोलणार हे आधी ठरवा. सुरू करताना हँडल स्वतः मारून बघा, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून मारा, मुठीत आवळून नव्हे. इंजिनाने उलटा झटका दिला की अडकलेला अंगठा मोडतो. हे तुमच्या ऑपरेटरलाही दाखवा. नुसतं सांगू नका, दाखवा.

ड्रमकडे बघताना रंगाकडे बघू नका. मोबाइलचा टॉर्च आत मारा. पाती बोल्टची की वेल्डिंगची? बोल्टची बदलता येतात. वेल्डिंग सलग आहे की ठिपके मारून सोडलंय? मग ड्रम रिकामा फिरवा आणि मिनिटाला किती फेरे होतात ते मोजा. विसाच्या आसपास हवेत. फार जोरात फिरला तर माल भिंतीला चिकटून नुसता गोल जातो, कालवला जात नाही. ड्रमभोवतीची दातेरी रिंग गिअर आणि तिला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचे दात एकमेकांत किती बसतात ते हाताने हळू फिरवून बघा, इंजिन बंद असताना. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागलं तर रिंग वाकडी बसली आहे. ते मशीन सोडा, सूट कितीही मिळो. पिनियन आधी झिजतं, म्हणून ते सुटं मिळतं का आणि कुठे मिळतं हे विचारा. ‘मागवून देऊ’ याचा अर्थ एप्रिलमध्ये वेगळा होतो.

हॉपर असेल तर वायर रोपचे धागे तुटलेले नाहीत ना, ब्रेक भरल्या हॉपरला मध्येच धरून ठेवतो का, हे दोन्ही बघा. नुसता वर गेला म्हणजे झालं असं नाही. आणि वर उचललेल्या हॉपरखाली सांडलेला माल ओढायला कोणीही शिरायचं नाही, पिन किंवा साखळी अडकवल्याशिवाय. बेल्टला आणि गिअरला कव्हर हवंच. घमेलं घेऊन जवळून जाणाऱ्या बाईचा पदर तिथेच ओढला जातो. विक्रेता ‘कव्हर नंतर पाठवतो’ म्हणाला तर पैसेही नंतर पाठवा.

पाण्याच्या टाकीला माप आहे का बघा. एम 20 च्या ठरीव प्रमाणाच्या मालाला बॅगमागे 30 लिटरच्या वर पाणी नको, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. टाकीचं माप बिघडलेलं असलं की ऑपरेटर डोळ्याने घालतो. डोळ्याला पातळ माल आवडतो, कारण तो पटकन पसरतो.

ड्रमचं तोंड किती उंचीवर ओततं? तुमच्या हातगाड्या त्याखाली जातात का? हेही टेपचंच काम. टेप हातात आहेच, तर वाटेची मापं घेऊन मशीनपाशी पुन्हा एकदा उभे राहा. बेड्याचं माप, वळणाचं माप, साकवाचं माप. तीन आकडे मशीनच्या आकड्यांशेजारी लिहा. विक्रेता म्हणेल, ‘साहेब, जाईल, सगळीकडे जातो.’ त्याला बेडं माहीत नाही. बेडं काढून ठेवू, गडगा तात्पुरता पाडू, असं मालकाच्या तोंडी आश्वासनावर तर अजिबात जाऊ नका. गडग्याच्या हद्दीवरून कोर्टात गेलेली घरं प्रत्येक वाडीत आहेत.

जुनं मशीन घेत असाल तर ड्रमवर हातोडीचे पोचे मोजा. आत आवळलेला माल बाहेरून ठोकून काढणाऱ्याने वापरलेलं असतं ते. पोच्यात पुन्हा माल धरतो, पुन्हा ठोकतात, शेवटी पत्रा फाटतो. तुम्ही तसं करू नका: काम संपलं की खडी आणि पाणी घालून पाच-दहा मिनिटं फिरवायचं, ओतायचं, पुन्हा नुसतं पाणी. जेवायच्या सुट्टीतही. बाहेरून सकाळीच जळकं ऑइल फासलं की चिकटलेलं सुटतं.

वेळ: शिमग्याच्या आधी घ्या. नंतर सगळ्यांनाच मृगाआधी स्लॅब टाकायचे असतात आणि विक्रेता भावावर बोलत नाही.

बाकी पटापट. टायर हवेचे घ्या, लोखंडी चाकं नकोत. सोबत दोन बेल्ट, ग्रीसगन, एक पिनियन, वायर रोपचे क्लॅम्प. जीएसटी 18 टक्के धरूनच भाव विचारा. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर तो परत मिळत नाही, हे आधी हिशेबात घ्या. वाहतूक, उतरवणं कोणाकडे ते लिहून घ्या. चालवून दाखवताना रिकामं नको, खडी-पाणी घालून. वाट मोजली का? नसेल तर आगाऊ रक्कम देऊ नका. वॉरंटी इंजिनाची वेगळी, मशीनची वेगळी, दोन्ही कागद हवेत. इंजिनावर कोरलेला नंबर आणि बिलावरचा नंबर जुळतो का, ते ट्रकवर चढवायच्या आधी बघा.