नाकाबंदीवर समोरचा ऐकत नाही? बळ वापरताना या चुका टाळा

रात्रीचा एक. वरळी सी फेसची नाकाबंदी. काच बोटभर खाली येते, आतून दारूचा भपकारा, आणि त्या फटीतून मोबाइल पुढे होतो: "साहेबांशी बोला."

पहिली चूक इथेच होते. ऐकत नाही म्हणजे अंगावर येतोय असं धरून हवालदाराचा हात कॉलरला जातो. भारतीय नागरी सुरक्षा संहितेचं कलम ४३ (जुनं सीआरपीसी ४६) आवश्यक ते बळ वापरू देतं, पण ते अटकेला जबरदस्तीने विरोध झाला किंवा माणूस निसटू लागला तर. गाडीत ढिम्म बसणाऱ्यासाठी त्याच संहितेचं कलम १७२ आहे. गुन्हा रोखण्यासाठी दिलेली कायदेशीर सूचना धुडकावली, तर त्याला तिथून हटवता येतं, ताब्यात घेता येतं; किरकोळ बाब असेल तर चोवीस तासांच्या आत सोडायचं. दंडाला धरून खाली उतरवणं यात बसतं. शिवी दिली म्हणून कानाखाली काढणं कुठल्याच कलमात बसत नाही.

दारू तपासायच्या यंत्रात फुंकायला नकार दिला तर नळी तोंडात कोंबायची गरजच नाही. दारूचा वाजवी संशय असताना चाचणी नाकारली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ खाली विनावॉरंट अटक करता येते. पण अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर त्याला सोडावं लागतं. म्हणून अटकेनंतर रस्त्यावर हुज्जत घालत बसू नका. समोरच्याला तेच हवं असतं.

चावी काढायला खिडकीतून हात घालणं, बॉनेटसमोर छाती काढून उभं राहणं, ही निव्वळ हौस. फरफटत गेलेले पोलिस मुंबई परिसराने पाहिलेत. नंबर टिपा, वायरलेसवर पुढच्या नाक्याला कळवा. पळालेली गाडी बहुतेक वेळा मालकाच्याच पार्किंगमध्ये सापडते.

आणखी एक नेहमीचा गोंधळ. एक ओरडतो "खाली उतर", दुसरा "हलू नको", तिसरा लायसन्स मागतो. तिन्ही एकदम कसं पाळणार? मग डायरीत 'सूचनांचे पालन केले नाही' अशी नोंद होते. बोलायचं एकानेच, बाकीच्यांनी हातांवर लक्ष ठेवायचं. ऐकू न येणारा, भाषा न कळणारा, साखर उतरलेला मधुमेहीही 'ऐकत नाही'. साखर उतरली की बोलणं अडखळतं, तोल जातो. दारू प्यायल्यासारखंच दिसतं. मानसिक आजाराची शंका आली तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १०० लागू होतं. संरक्षणात घेतलेल्या अशा माणसाला चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही.

सगळ्यात जिवावर बेतणारी चूक मात्र झटापट संपल्यावर होते. माणूस पालथा, हात पाठीमागे, पाठीवर कुणाचा तरी गुडघा. छातीवरचा दाब वाढला की तो श्वासासाठी धडपडतो, आणि वरच्याला वाटतं अजून जोर करतोय. म्हणून आणखी दाब. हात आवळून झाले की लगेच कुशीवर वळवा, जमलं तर बसवा. "श्वास घेता येत नाही" याला नाटक समजू नका. आणि तो अचानक शांत झाला तर आधी श्वास बघा.

बेडी ही शिक्षा नव्हे. नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ४३(३) मध्ये बेडी घालता येईल अशा आरोपींची, म्हणजे सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, अमली पदार्थ अशी यादी आहे. निव्वळ दारू पिऊन गाडी चालवणं त्यात नाही. गोळीबद्दल एवढंच, की फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्याला ठार मारायचा हक्क हे कलम देत नाही.

बघ्यांचे मोबाइल हिसकावू नका. पोलिस ठाणंसुद्धा शासकीय गुपिते कायद्यातलं प्रतिबंधित ठिकाण नाही, म्हणून तिथे व्हिडिओ काढणं त्या कायद्याखाली गुन्हा नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलंय. मग रस्त्याचं काय? चालकांनीही ध्यानात ठेवावं: वाद घाला, व्हिडिओ काढा, पण ड्युटीवरच्या पोलिसाला धक्का दिलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं आणि ते अजामीनपात्र आहे.

शेवटी नोंद. 'सौम्य बळाचा वापर करून ताब्यात घेतले' या एका ओळीवर भागत नाही. सूचना कोणती दिली, किती वेळा, त्याने काय केलं, कुणी कुठे धरलं, किती वेळ, हे सगळं लिहा, आणि त्याच रात्री लिहा. नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार अटकेनंतर लवकरच त्याची वैद्यकीय तपासणी होते. डॉक्टरने मांडीवर काठीचे चार वळ लिहिले आणि डायरीत नुसतं 'हात धरला' असेल, तर मॅजिस्ट्रेटसमोर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.