फोटो २०० केबीत बसवताना या चुका टाळा

साइटवर फोटो चढवायची मर्यादा २०० केबीची आणि मूळ फाइल साडेचार एमबीची. अशा वेळी बहुतेकांचा हात सरळ फोटो सेव्ह करतानाच्या क्वालिटीच्या स्लायडरकडे जातो. ८०, ६०, ४०, २० असं खाली येत येत एकदाचा आकडा बसतो, फोटो अपलोड होतो आणि पान उघडून बघावं तर निळ्या आकाशाच्या जागी चौकोनी फरश्या बसवल्यासारखं दिसतं. मी रोज लेखांसोबतचे फोटो चढवते, आणि माझ्याकडे येणाऱ्या खराब फोटोंपैकी बहुतेक याच एका चुकीने खराब झालेले असतात. पिक्सेल तेवढेच ठेवून नुसती क्वालिटी पाडलेली असते.

हिशोब करून बघा. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४०००×३०००, एक कोटी वीस लाख पिक्सेल. २०० केबी म्हणजे साधारण सोळा लाख बिट. एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम ०.१३ बिट येतो. जेपीईजी, म्हणजे फोटो साठवायचा नेहमीचा फॉरमॅट, चित्राचे ८×८ पिक्सेलचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा साठवतं. बिट इतके कमी पडले की तुकड्यातले बारकावे जातात आणि उरतो फक्त त्याचा सरासरी रंग. त्याच फरश्या आपल्याला दिसतात. आता तोच फोटो आधी १२००×९०० करा. पिक्सेल उरले दहा लाख ऐंशी हजार, आणि प्रत्येकाला मिळाला जवळपास दीड बिट. एवढ्यात नेहमीचा फोटो छान बसतो.

म्हणून आधी रुंदी, मग क्वालिटी. रुंदी किती, हे पानावरून ठरवा. लेखाचा कॉलम ७०० पिक्सेलचा असेल तर दाट पिक्सेलच्या स्क्रीनसाठी दुप्पट, म्हणजे १४००, पुरे. डीपीआय (दर इंचाला पिक्सेल) ३०० चा ७२ केल्याने काहीच होत नाही. छपाईच्या वेळी एका इंचात किती पिक्सेल घ्यायचे, एवढीच ती नोंद असते. पिक्सेल तेवढेच राहिले तर वजनही तेवढंच राहतं.

दुसरी चूक लपून राहते. ८० ला सेव्ह केलं, फाइल ३१० केबी झाली. मग तीच सेव्ह केलेली फाइल उघडून ६० ला सेव्ह केली, २३० झाली. पुन्हा तीच उघडली. जेपीईजी प्रत्येक सेव्हला काहीतरी टाकून देतं, आणि दुसऱ्या वेळी ते आधीच्या खुणाही चित्राचाच भाग समजून जपायला बघतं. त्यात मध्ये रुंदी बदलली असेल तर कडा आणखी गढूळ होतात. प्रत्येक प्रयत्न मूळ फाइलपासूनच करा. चॅटवरून आलेला फोटो बहुधा आधीच दाबलेला असतो. पाठवणाऱ्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून मागवा. मागायला संकोच वाटतो, पण नंतर तो फोटो वाचवायचा काहीच मार्ग नसतो.

क्वालिटीचा आकडा टक्केवारी नाही, हेही ध्यानात असू द्या. एका सॉफ्टवेअरचं ८० दुसऱ्याच्या ८० शी जुळत नाही. कुणी सांगितलेला आकडा जसाच्या तसा वापरू नका, डोळ्यांनी बघून ठरवा.

फॉरमॅटची गल्लत दोन्ही बाजूंनी होते. फोटो पीएनजीत ठेवला तर तो कित्येक पटींनी जड होतो, कारण पीएनजी काहीच टाकून देत नाही. उलट स्क्रीनशॉट किंवा तक्ता जेपीईजीत घातला की अक्षरांभोवती धूसर कण दिसायला लागतात. अशा चित्राला २५६ रंगांचं पीएनजी किंवा लॉसलेस (काहीच टाकून न देणारं) वेबपी वापरा, अनेकदा ते जेपीईजीपेक्षा हलकंही निघतं. आणि फाइलच्या नावातलं पीएनजी खोडून जेपीजी लिहिलं म्हणजे फॉरमॅट बदलत नाही, आतली फाइल तीच राहते.

एकदा लाल अक्षरांच्या शीर्षकाचं एक बॅनर मी ९० ला सेव्ह केलं तरी अक्षरांच्या कडा फुटल्यासारख्या दिसत होत्या. ९५ केलं, फरक नाही. दोष क्वालिटीचा नव्हताच. जेपीईजी सहसा रंगाची माहिती आडवी-उभी निम्मी करून ठेवतं, ४:२:० म्हणतात ते. डोळ्यांना फोटोत हे कळत नाही, पण गडद लाल अक्षरांत लगेच कळतं. सेटिंग ४:४:४, म्हणजे रंगाची माहिती पूर्ण ठेवणारं, केलं आणि ८० लाच अक्षरं स्वच्छ आली. स्क्वूश या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटो लहान करायच्या साधनात ही सोय प्रगत सेटिंग्जमध्ये आहे.

आकडा बसला, तरी अडलं?

फाइल १९९ केबी दिसते आणि तरी नाकारली जाते, तेव्हा बहुधा केबीची व्याख्या वेगळी असते. कुठे २०० केबी म्हणजे २,००,००० बाइट, कुठे २,०४,८००. १९५ वर थांबलात की दोन्हीकडे चालतं. बघताना ‘साइज’ बघा, ‘साइज ऑन डिस्क’ (डिस्कवर अडलेली जागा) नाही.

फोटो आडवा झाला, तर मेटाडेटा, म्हणजे फाइलमध्ये फोटोबद्दल लपलेल्या नोंदी, काढताना दिशेची नोंदही गेली आहे. आधी फोटो खरोखर फिरवून सेव्ह करा, मग मेटाडेटा काढा. काढा मात्र नक्की, कारण त्यात फोटो कुठे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. रंग फिके पडले, तर रंगाची प्रोफाइल, म्हणजे रंग कसे दाखवायचे ती नोंद, गेली आहे. आयफोनचे फोटो सहसा डिस्प्ले पी३ या जास्त रंगांच्या प्रोफाइलमध्ये असतात, ते आधी वेबवर नेहमी चालणाऱ्या एसआरजीबीत बदलून घ्या.

काही फोटो हट्टीच असतात. गवत, पानं, गर्दी, अंधारातले कणकण. प्रत्येक बारीक कणाला बिट लागतात. नॉइज (हे कण) थोडा कमी करा, नको तो भाग कापा, शार्पनिंग (कडा धारदार करणं) आवरा. तरीही बसलं नाही तर रुंदी १४०० वरून १२०० करा, क्वालिटी ६० च्या खाली नेण्यापेक्षा ते नेहमी बरं दिसतं. इमेजमॅजिक या कमांडने चालणाऱ्या साधनात ठरावीक वजन सांगून क्वालिटी आपोआप शोधून घेता येते, पण ते रुंदीला हात लावत नाही. ते काम आधी तुम्हीच करायचं.

आणि २०० ही मर्यादा आहे, तेवढं वजन गाठायलाच हवं असं नाही. १२० केबीत फोटो चांगला दिसत असेल तर तिथेच थांबा.

शेवटची तपासणी पानावर करा. वर्डप्रेस ५.३ पासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो स्वतःच लहान करतं आणि छोट्या प्रती पुन्हा दाबून बनवतं. तुम्ही आधीच पिळून काढलेल्या फोटोवर हा दुसरा दाब पडतो. प्रकाशित पानावरचा फोटो उघडून १०० टक्के झूमला बघा, आधी चेहऱ्यावरची त्वचा, मग आकाश, मग अक्षरांच्या कडा.