वजन जास्त असलेल्या टीनएजर मुलांशी बोलायचं कसं

मूल सल्ल्यासाठी आपल्याकडे आलं की सगळ्यात आधी आई-बाबांना थोडा वेळ बाहेर बसवा. ते समोर असले की मूल तोंडच उघडत नाही, आणि आईचं सुरू असतं, "मॅडम हिला जरा समजवा, रात्री लपून फरसाण खाते", आणि मुलगी ओढणीचं टोक पिळत खाली बघत बसते.

एकटी भेटली म्हणून लगेच वजनावर येऊ नका. शाळा, मैत्रिणी, झोप, इन्स्टा, जे निघेल ते बोला आणि मग सरळ विचारा, "खाण्यापिण्याबद्दल बोललेलं चालेल का तुला?" नको म्हणाली तर खरंच थांबायचं. जाड, लठ्ठ हे शब्द आपल्या तोंडी नकोतच.

मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणून एक पद्धत आहे, म्हणजे उपदेश न करता प्रश्न विचारून बदलायचं कारण समोरच्याच्याच तोंडून काढायचं, मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये दारू सोडवण्याच्या कामातून मांडलेली, ती इथे फार उपयोगी पडते. समजा मुलगा म्हणाला संध्याकाळी खेळायला जायचंय, तर विचारा 0 ते 10 मध्ये कितपत जमेल असं वाटतं. तो म्हणतो 4. आपल्या ओठांवर "फक्त 4?" येतं, ते गिळा आणि विचारा "4 का, 2 का नाही?" मग तोच सांगायला लागतो की बिल्डिंगमधला मित्र सोबत असतो, बॅडमिंटन खेळून बरं वाटतं, म्हणजे कारण त्याचं स्वतःचं निघतं. पुढे "5 व्हायला काय लागेल?" विचारलं की कळतं ग्राउंडवर पोरं हत्ती म्हणून चिडवतात. आळस नव्हताच तो! मग आधी चिडवण्याचं बघा, पीटीच्या सरांशी बोलू का हे त्यालाच विचारून.

आता घरचे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, म्हणजे तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, 2016 मध्ये डॉक्टरांना हेच सांगितलंय, मुलांना डाएटिंगला लावू नका, घरात वजनावरून बोलणं-चिडवणं बंद करा, एकत्र जेवा. एकीच्या ताटात भाकरी-उसळ आणि धाकट्याला मॅगी, असं करायचं नाही, बदल सगळ्यांच्या ताटात. आणि लग्नात काकू "किती सुटलीयेस गं" म्हणाली तर आईने काय बोलायचं ते आईकडून आधीच वदवून घ्या, नाहीतर ती नुसती हसते आणि मुलीला ते जास्त लागतं.

मानेवर काळपट जाडसर पट्टा दिसला तर तो मळ समजून घासू नका, बऱ्याचदा ती इन्सुलिन रेझिस्टन्सची, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची खूण असते, डॉक्टरांना दाखवा. पाळी अनियमित असेल किंवा झोपेत जोरात घोरत असेल तरीसुद्धा.

जेवण टाळणं, मुद्दाम उलट्या काढणं, लपून भराभर खूप खाणं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. मरण्याची भाषा आली तर त्याच दिवशी, मुलाला एकटं न सोडता. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर 24 तास फ्री आहे, मराठीतून बोलता येतं, तो मुलाच्या फोनमध्ये तिथेच बसून सेव्ह करून द्या.