महागडा सेन्सर वाया घालवू नका: शुगर मोजताना या चुका टाळा

दंडावर चिकटवून दिवसरात्र शुगर मोजणारा चौदा दिवसांचा एक सेन्सर चार-पाच हजारांच्या घरात जातो. वर्षभर सलग लावायचा तर असे 26 लागतील. भुसावळात आमच्यासारख्या एका पगाराच्या घराला ते झेपत नाही. म्हणून लेकीला आम्ही तीन महिन्यांतून एकदा, डॉक्टरांकडे जायच्या आधी, एकच सेन्सर लावतो. बाकीचे दिवस बोट टोचून, ग्लुकोमीटर आणि पट्ट्या. सेन्सरसाठी इन्सुलिनला कात्री मात्र कधीच लावायची नाही, लेकीला टाइप वन मधुमेह आहे, त्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, म्हणून तो पर्यायच नसतो. पण एकच लावायचा, तर तो कामी यायला हवा. आमचे पहिले दोन वायाच गेले म्हणायचे.

पहिला आखाजीच्या तोंडावर ऑनलाइन मागवला. कुरियरवाला भर दुपारी डबा ओट्यावर ठेवून गेला आणि आम्ही संध्याकाळी घरी आलो. साठवणुकीच्या तापमानाची वरची मर्यादा डब्यावर छापलेली असते, ती साधारण 25 ते 30 अंश. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास. लावल्यावर तिसऱ्या दिवशी सेन्सर बंद. उन्हाळ्यात ओळखीच्या मेडिकलवाल्याला आधी फोन करून, दुकानातूनच हातात घेतलेला बरा. आणि रिकामा डबा टाकू नका. मुदतीआधी बंद पडलेला सेन्सर त्यावरचा नंबर सांगितला की कंपनीकडून पुष्कळदा बदलून मिळतो. आमचा डबा घंटागाडीत गेला होता.

दुसऱ्याची गंमत वेगळीच. सेन्सर ज्या फोनवर सुरू करतो, त्याच फोनवर तो वाचता येतो. आम्ही यांच्या फोनवर सुरू केला आणि हे गाडी घेऊन इटारसीला! फोन जवळ नेऊन स्कॅन करायच्या सेन्सरमध्ये फक्त शेवटच्या 8 तासांची नोंद राहते. रात्री नऊला स्कॅन केलं आणि नंतर थेट सकाळी सातला, तर नऊ ते अकरा कोरं. म्हणजे जेवणानंतर शुगर चढायची नेमकी तीच वेळ. चौदा दिवसांत निदान 70 टक्के नोंद असेल तरच डॉक्टरांना त्या अहवालावर भरवसा ठेवता येतो. आमची निम्म्याच्या थोडी वर होती. आता माझा फोन, आणि रात्री पाणी प्यायला उठले की एक स्कॅन.

पहिल्या दिवसाच्या आकड्यांवरून डोस बदलू नका, सेन्सर अजून स्थिरावत असतो. लावायच्या दिवशी दंडाला तेल नको, नाहीतर घामाने कड सुटते.

एकदा रात्री सेन्सरने शुगर 58, म्हणजे फारच कमी दाखवली. पोरीला उठवून साखरपाणी पाजलं, मग बोटातून तपासलं तर 132. ती त्याच दंडावर झोपली होती. दाबाने आकडा खोटा खाली जातो. शिवाय सेन्सर कातडीखालच्या द्रवातली शुगर मोजतो, रक्तापेक्षा पाच ते पंधरा मिनिटं मागे. शुगर लो, म्हणजे फार कमी झाल्यावर तीन चमचे साखर पाण्यात द्यायची आणि पंधरा मिनिटांनी बोटातून बघायचं. सेन्सर अजून खालीच दाखवतो म्हणून आणखी भरवलं की पहाटे 300. इथे घराघरात केळी पडलेली असतात, पण अशा वेळी आधी साखरपाणी, केळं नंतर. घाम, थरथर असेल तर आकडा बघत बसायचंच नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे त्या चौदा दिवसांत शहाण्यासारखं जेवणं. आम्ही मुगाची खिचडी आणि दुधीवर दिवस काढले, अहवाल सुंदर आला. डॉक्टर हसले, 'आता खरं जेवण दाखवा.' पुढच्या वेळी कळण्याची भाकरी, शेवभाजी, रविवारची वरण-बट्टी, सगळं चालू ठेवलं आणि काय कधी खाल्लं ते वहीत लिहिलं. तेव्हा कळलं, तुपातली बट्टी दोन तासांनी पट्टीवर 150 दाखवते आणि चौथ्या तासाला 260 ला जाते. पट्टी लावून आम्ही निवांत झोपत होतो, शुगर नंतर चढत होती. डॉक्टरांनी वही बघून रविवारचं इन्सुलिन दोन वेळांत विभागून दिलं. सेन्सर निघाला तरी आता बट्टीच्या रात्री चौथ्या तासाला एक पट्टी ठरलेली.