रायफलच्या पुंगळीतला प्रायमरचा खळगा कसा साफ करायचा

गोळी झाडल्यावर पितळी पुंगळी बाहेरून काळवंडते ते दिसतं. पण खरं कीट साचतं ते तिच्या बुडाशी, प्रायमर (घाव बसला की पेटून आतली पावडर पेटवणारी छोटी वाटी) बसतो त्या खळग्यात. शिसं, बेरियम आणि अँटिमनीच्या संयुगांची ही काजळी सुरुवातीला भुसभुशीत असते. पुंगळ्या महिनोन्महिने तशाच पडून राहिल्या की ती दगडासारखी आवळते. तळ आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात तिचं कडं तयार होतं आणि नवा प्रायमर पूर्ण आत बसत नाही.

हे लेखन अमेरिकेसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी नेमबाजांसाठी आहे, जिथे स्वतःपुरती काडतुसं पुन्हा भरणं हा कायदेशीर छंद आहे. भारतात शस्त्र कायदा १९५९ नुसार काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो, त्यामुळे तिथे हे घरी करायचं काम नव्हे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते ५० मीटर रायफलमध्ये, आणि त्या पॉइंट टू-टू काडतुसाला हा खळगाच नसतो. त्याचं स्फोटक बुडाच्या कडेत भरलेलं असतं, म्हणून ती पुंगळी एकदा वापरली की संपली. इथे आपण बोलतोय ते .२२३, .३०८, ६.५ क्रीडमूर अशा मध्यभागी प्रायमर असणाऱ्या काडतुसांबद्दल.

तळ का महत्त्वाचा

प्रायमर म्हणजे एक छोटी धातूची वाटी. तिच्यात स्फोटकाचा थर आणि त्यावर एक तिपाईसारखी ऐरण असते. या ऐरणीचे पाय खळग्याच्या तळाला टेकले पाहिजेत. टेकले की फायरिंग पिनचा, म्हणजे ट्रिगर ओढल्यावर पुढे येणाऱ्या सुईचा, घाव थेट स्फोटकावर पडतो. तळाशी कीट असेल तर पहिल्या घावाची बरीचशी ताकद प्रायमरला आत ढकलण्यातच जाते आणि बार उडत नाही. तेच काडतूस पुन्हा लावून ट्रिगर ओढला की उडतं. ‘दुसऱ्या घावाला उडालं’ अशी तक्रार असेल तर प्रायमरच्या कंपनीला दोष देण्याआधी खळग्याचा तळ आणि प्रायमर बसवण्याची पद्धत तपासा.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. प्रायमर बुडाच्या पातळीच्या वर राहिला तर हाताने चालवायच्या बोल्ट रायफलमध्ये बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा भाग, जड लागतो, बहुतेक वेळा एवढ्यावर निभावतं. पण एम१ गॅरंड किंवा एआर-१५ सारख्या अर्धस्वयंचलित रायफलींत फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट पुढे आदळताना ती प्रायमरला हलकासा स्पर्श करतेच. वर आलेला प्रायमर अशा वेळी ट्रिगर न ओढताच पेटू शकतो. अशा रायफलींसाठी भरताना एकही उंच प्रायमर चालवून घेऊ नये.

सुरुवात करण्याआधी

कीटात शिसं आहे हे एक क्षणही विसरू नका. नायट्राइलचे हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा लावा, टेबलावर ओलसर कागद अंथरा. खळगा साफ झाला की आत फुंकर मारायची सवय अनेकांना असते. ती मोडाच, कारण उडालेली धूळ सरळ नाकातोंडात जाते. पुंगळी उलटी करून कागदावर टिचकी मारली तरी पुरते. काम चालू असताना खाणं-पिणं नको. मुलांचा हात पोचेल अशी जागा नको, स्वयंपाकघर तर नकोच. संपल्यावर हात साबणाने आणि थंड पाण्याने धुवा.

आता पुंगळ्या निवडा. प्रत्येकीत तोंडाकडून बॅटरीचा झोत टाकून पाहा. मध्यभागी एकच छिद्र (फ्लॅश होल, ज्यातून प्रायमरची ज्वाळा पावडरपर्यंत जाते) दिसलं तर ती बॉक्सर पद्धतीची, म्हणजे आपल्या कामाची. मध्याच्या दोन बाजूंना दोन बारीक छिद्रं दिसली तर ती बर्दान. तिच्यात जुना प्रायमर ढकलून काढणारी डिकॅपिंग पिन घातली तर पिन वाकते किंवा तुटते, म्हणून ती सरळ बाजूला काढा. न फुटलेला प्रायमर असलेली पुंगळी चुकून ढिगात आली तर तीही वेगळी ठेवा. जिवंत प्रायमरवर कुठलंही खरवडणारं अवजार लावायचं नाही.

मग जुने प्रायमर काढा. त्यासाठी फक्त प्रायमर काढणारी, ज्याला युनिव्हर्सल डिकॅपिंग डाय म्हणतात ती, वापरणं उत्तम. मळकी पुंगळी थेट सायझिंग डायमध्ये, म्हणजे पुंगळीला मूळ मापावर आणणाऱ्या साच्यात, घातली की वाळूचे कण डायला चरे पाडतात आणि ते चरे पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटतात.

हाताने साफ करणं

पन्नास-शंभर पुंगळ्या असतील तर हातच बरा. अवजारं तीन जातींची मिळतात. पहिलं म्हणजे ली कंपनीसारखं साधं दुतोंडी खरवडणं, एका टोकाला लहान आणि दुसऱ्या टोकाला मोठ्या प्रायमरसाठी. दुसरं पोलादी तारांचा छोटा ब्रश. तिसरं खळग्याची खोली सारखी करणारं युनिफॉर्मर, जे पितळ कापतं.

लहान रायफल प्रायमर ०.१७५ इंच व्यासाचा, मोठा ०.२१० इंचांचा. .२२३ ला लहान लागतो, .३०८ ला बहुतेक वेळा मोठा. पण .३०८ आणि ६.५ क्रीडमूरच्या काही पुंगळ्या लहान प्रायमरच्याही येतात. दोन्ही मिसळल्या तर चुकीचं टोक घालून खळग्याचं तोंड खराब होतं, तेव्हा आधी वेगळ्या करा.

अवजार सरळ धरून आत टेकवा आणि हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा. पहिल्या फेरीला करकर जाणवते, कीट सुटलं की फिरणं गुळगुळीत होतं. हाताला लागणारा हा फरकच थांबायची खूण. उलटं करून टिचकी मारा, कापडाच्या टोकाने पुसा आणि झोत तिरका टाकून कोपरा पाहा. तळावर थोडा काळपट डाग राहिला तर राहू दे. डागाला जाडी नसते. लाकडी टूथपिकचं टोक कोपऱ्यातून फिरवलं आणि ते अडलं नाही, म्हणजे काम झालं.

खळगा आरशासारखा चमकवण्याच्या नादात पितळ खरवडलं जातं, ही नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक. प्रायमर खळग्यात घट्ट बसतो तो इंचाच्या एक-दोन हजाराव्या भागाच्या फरकाने. इंचाच्या हजाराव्या भागाला कारखान्यात थाऊ म्हणतात. भिंतीवरून एक थाऊ पितळ गेलं की पुंगळी निम्मी बाद झाली. अवजार तळावर दाबा, भिंतीवर रेलू नका. स्क्रू पिळायच्या मशीनला ब्रश लावत असाल तर वेग अगदी कमी ठेवा आणि पुंगळी हातात मोकळी धरा, म्हणजे अडकली तर ती हातातच फिरेल.

ओल्या पद्धतीने, ड्रममध्ये

शेकड्यांनी पुंगळ्या असतील तर स्टीलच्या बारीक पिना टाकून फिरणारा ड्रम सगळ्यात चांगला, शिवाय धूळ उडत नाही. प्रायमर आधीच काढलेले हवेत. नाहीतर खळग्यात काळा चिखल अडकून राहतो.

सात किलो, म्हणजे १५ पौंड पेलणाऱ्या ड्रमचं प्रमाण असं: पिना ५ पौंड (सव्वादोन किलो), पुंगळ्या २ पौंड (सुमारे ९०० ग्रॅम), पाणी एक गॅलन (पावणेचार लिटर), भांडी घासायचा द्रव साबण एक मोठा चमचा आणि सायट्रिक अॅसिड पाव चहाचा चमचा. घरी पितळेच्या समईला आपण चिंच लावतो तेच हे तत्त्व, आंबट लागलं की डाग सुटतात. पण हात सैल सोडून दुप्पट-तिप्पट घातलं तर पितळातलं जस्त निघायला लागतं आणि पुंगळी तांबूस पडते. दोन ते तीन तास पुरतात. रात्रभर फिरवत ठेवलं तर पुंगळ्यांची तोंडं एकमेकींवर आपटून ठेचली जातात.

अमोनिया असलेली कुठलीही पॉलिश मात्र वापरू नका. पितळाला अमोनिया भोवतो हे ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानातच कळलं. पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या तडकायच्या, आणि १९२१ साली त्याचं कारण स्पष्ट झालं: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि धातूत आधीपासून असलेला ताण. तड बाहेरून नेहमी दिसतेच असं नाही, कधी ती बार उडाल्यावरच दिसते.

फिरवून झालं की दोन-तीन पाण्यांनी खळबळून घ्या आणि चुंबकाने पिना उचला. मग एकेका पुंगळीच्या फ्लॅश होलमधून उजेड पलीकडे दिसतोय का ते पाहा. साधारण छिद्र ०.०८० इंचांचं असतं आणि पिना बहुधा ०.०४७ इंच जाडीच्या. म्हणजे एक पिन सहज निसटते, पण दोन एकदम घुसल्या की पाचरीसारख्या अडकतात. ही तपासणी कंटाळवाणी आहे, तरी टाळू नका. घाणीचं पाणी बागेत किंवा नाल्यात ओतायचं नाही, त्यात शिसं आहे. गावच्या घातक कचरा केंद्रात द्या.

वाळवणं हा या पद्धतीचा नाजूक भाग. खळग्यात किंवा फ्लॅश होलमध्ये थेंब राहिला तर नवा प्रायमर आणि पावडर दोन्ही बिघडतात. तोंड खाली करून उन्हात पंख्यासमोर एक दिवस ठेवा, किंवा फक्त याच कामासाठी ठेवलेल्या ड्रायरमध्ये ९० अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर. घरातला ओव्हन नको, त्यात उद्या केक भाजायचा असतो.

मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या टरफलाचा भुगा घालून कोरडं पॉलिश करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: भुगा बाहेरून छान उजळवतो, खळग्यात फारसं काही करत नाही, उलट त्याचे कण फ्लॅश होलमध्ये अडकतात. त्यामुळे कोरड्या पद्धतीत आधी पॉलिश, मग प्रायमर काढणं, मग हाताने खळगा. त्या भुग्याची धूळही शिशाची असते, म्हणून मशीनचं झाकण उघड्यावरच उघडा.

कीट नसतानाही प्रायमर अडतो तेव्हा

खळगा स्वच्छ आहे, तरी प्रायमर तोंडाशीच अडकतोय किंवा त्याची कड सोलली जातेय. अशा वेळी माणसं तळ आणखी खरवडत बसतात. दोष तळात नसतो, तोंडात असतो. लष्करी पुंगळ्यांत प्रायमर निसटू नये म्हणून खळग्याच्या कडेचं पितळ आत दाबलेलं असतं, त्याला क्रिंप म्हणतात. बुडावर वर्तुळातलं अधिकचं चिन्ह, म्हणजे नाटोची खूण दिसली तर क्रिंप आहे असंच धरा. कधी तो प्रायमरभोवती गोल कडं असतो, कधी तीन-चार टोचे.

हा काढायचे दोन मार्ग. स्वेजिंगमध्ये पोलादी बटण दाबून पितळ मागे सारलं जातं, धातू कमी होत नाही. रीमरने ते कापून टाकलं जातं. रीमर स्वस्त आणि झटपट, पण दोन फेऱ्या जास्त झाल्या तर तोंड नरसाळ्यासारखं पसरतं आणि प्रायमरला धरायला भिंत उरत नाही. कड नुसती तिरपी झाली की थांबा. संख्या मोठी असेल तर स्वेजिंगचे पैसे वसूल होतात. हे काम पुंगळीच्या आयुष्यात एकदाच.

युनिफॉर्मर आणि फ्लॅश होलची आतली कड साफ करणं हीसुद्धा एकदाचीच कामं, आणि ती लांब पल्ल्याच्या अचूक नेमबाजीसाठी. .२२३ च्या सरावाच्या हजार पुंगळ्यांवर हा वेळ घालवू नये. दरवेळी खळगा घासायलाच हवा का, यावरही मतं दोन आहेत. आमचं मत असं: स्पर्धेसाठी आणि अर्धस्वयंचलित रायफलींसाठी दरवेळी. बोल्ट रायफलच्या सरावाला एखादी फेरी चुकली तर चालेल, पण दोन फेऱ्यांचं कीट एकावर एक चढू देऊ नका.

बसवून पाहणं

मोठ्या खळग्याची खोली ०.१२५ ते ०.१३२ इंच आणि लहानाची ०.११७ ते ०.१२३ इंच असायला हवी. व्हर्नियरच्या खोली मोजायच्या दांडीने दहा पुंगळ्या मोजा. कमी भरली तर अजून कीट आहे. युनिफॉर्मर चालवल्यावर जास्त भरली तर अवजाराची मर्यादा चुकीची लावलेली आहे.

प्रायमर हाताच्या प्रायमिंग टूलने बसवला की बोटांना दोन टप्पे कळतात: भिंतीतून सरकताना सारखा दाब, मग तळाला टेकल्याचा टणक थांबा. बसलेला प्रायमर बुडाच्या पातळीखाली तीन ते पाच थाऊ हवा. बुडावरून बोट फिरवा, खोलगट लागलं पाहिजे. पातळीत किंवा वर लागला तर जिवंत प्रायमर जोराने दाबू नका, ती पुंगळी वेगळी करा.

सरकतानाचा तो दाबच जाणवला नाही, प्रायमर अंगठ्याने आत गेला, तर खळगा सैल झालाय. जास्त दाबाचे बार झाडून पुंगळीचं बूड ताणलं जातं तेव्हा हे होतं, आणि त्यावर साफसफाईचा इलाज नाही. अशी पुंगळी तिथल्या तिथे, प्रायमर नसताना, पकडीने तोंड चेपून भंगारात टाका. चेपलेलं तोंड दिसलं की ती पुन्हा चुकून ढिगात येत नाही.