घरातल्या जुन्या बंदुका-तलवारींची किंमत कशी काढायची आणि विमा कसा उतरवायचा

वाडा विकायला निघाला किंवा भावाभावांत वाटण्या सुरू झाल्या की मग लोकांना माळ्यावरची आणि देवघरातली हत्यारं आठवतात. आजोबांची बारा बोअरची दुनळी, एखादी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची), दोन-तीन तलवारी, एक कट्यार, कुणाकडे दांडपट्टा पण असतो, आणि पहिला प्रश्न हाच की याचे किती येतील. माझं म्हणणं असं की आधी कागद, मग किंमत, मग विमा. क्रम उलटा केलात तर हाती काही लागत नाही, कारण लायसन नसलेली बंदूक तुम्ही कायद्याने विकू शकत नाही आणि विमा कंपनी तिचा क्लेम देणार नाही.

कागदाचं थोडक्यात. आर्म्स अॅक्टच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन चालायच्या, आणि वारशाने आल्या म्हणून जास्तीची सवलत नाही. लायसन आता ५ वर्षांचं असतं. लायसनदार गेला की त्याच्या नावावरची बंदूक घरात ठेवून द्यायची नाही, ती जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा लायसनवाल्या आर्म्स डीलरकडे जमा करायची, पावती घ्यायची, आणि मग ज्या वारसाला हवी त्याने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. तीन बंदुका असतील तर दोघा भावांनी अर्ज केला की प्रश्न सुटतो. ठासणीच्या किंवा तोड्याच्या (जळत्या वातीने उडणाऱ्या) बंदुकीला "अँटिक आहे, लायसन लागत नाही" असं सगळे सांगतात, पण कायद्यातली सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराचं बोलते, त्यामुळे आपलं आपण ठरवू नका, जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कार्यालयातून लेखी घ्या. कोकणात पीक संरक्षणाच्या लायसनवर आजही ठासणीच्या बंदुका आहेत, म्हणजे दिसायला जुनी आहे म्हणून ती शोभेची वस्तू होत नाही.

हात लावायच्या आधी बंदूक रिकामी आहे का ते बघा. दुनळी उघडून दिसतं, ठासणीचं तसं नाही. तिच्या नळीत गज तळापर्यंत घालायचा, तोंडाशी गजावर खूण करायची, मग तोच गज बाहेरून नळीला समांतर धरून बघायचा. आतलं टोक कानाच्या, म्हणजे ठिणगी जाते त्या भोकाच्या, बरंच अलीकडे थांबत असेल तर आत काहीतरी ठासलेलं आहे. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनी पण उडते. अशी बंदूक घरी उपसत बसायची नाही, लायसनवाल्या गनस्मिथकडेच न्यायची. हे करताना बंदुकीचं तोंड भिंतीकडे आणि पोरंबाळं खोलीबाहेर.

आता किंमत. दुनळीची किंमत नुसत्या नावावर ठरत नाही. वेब्ली अँड स्कॉट, ग्रीनर, वेस्टली रिचर्ड्स अशी नावं असली की घरचे लाखांत बोलायला लागतात, पण नळ्या सोडवून उलट्या करा, खालच्या सपाट भागावर बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे नळ्या तपासून पास करणाऱ्या संस्थेचे, शिक्के असतात ते बघा. नायट्रो प्रूफ (बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली) लिहिलंय का, चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाची, लांबी अडीच इंच आहे का, हे तिथेच कळतं, आणि अडीच इंची चेंबरमध्ये आजचं लांब काडतूस घालायचं नाही. नळ्या उजेडाकडे धरून आत गंजाचे खड्डे बघा, दस्त्याच्या मानेला तडा आहे का, नळी आणि बॉडीवरचे नंबर जुळतात का, बंद केल्यावर सांधा हलतो का. आपल्याकडे ऐंशीच्या दशकापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करणं बंद झालं, म्हणून इथे विलायती मालाला इंग्लंडपेक्षा जास्त भाव मिळू शकतो, तेव्हा नेटवरची पौंडातली किंमत रुपयांत करून ती पॉलिसीत लिहू नका. दोन-तीन आर्म्स डीलरकडून लेटरहेडवर भाव घ्या.

तलवारींचं गणित वेगळं. इथे पातं, मूठ आणि इतिहास तिन्ही बघतात. एप्रिल २०२५ मध्ये नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने लंडनच्या लिलावात ४७ लाखांच्या वर मोजून मिळवली. पातं युरोपी बनावटीचं, मराठ्यांकडच्या फिरंगी तलवारीत असतं तसं, आणि त्यावर सोन्याने देवनागरीत नाव कोरलेलं. ते नाव नसतं तर एवढी रक्कम झालीच नसती. तुमच्याकडे तसा लेख नसेल पण सनद, घराण्याचं जुनं पत्र, १९३०-४० चा एखादा फोटो ज्यात आजोबा तीच तलवार कमरेला लावून बसलेत, असं काही असेल तर तो कागद तलवारीइतकाच जपा.

आणि कळकळीने सांगतो, खंडेनवमीला हत्यारं घासू नका. चिंच, लिंबू, रांगोळी, पॉलिश पेपर लावून लख्ख केलेली तलवार मी बघतो तेव्हा फार वाईट वाटतं. पात्यावरची पोलादाची लहर जाते, मुठीवरचं कोफ्तगिरीचं, म्हणजे पोलादावर सोन्या-चांदीची तार ठोकून केलेलं, काम निघून जातं, आणि एका सकाळीत किंमत खाली येते. मऊ सुती कापड, पात्याला मशीन ऑइलचा पातळ हात, बस. पूजेला हळदकुंकू पात्याला न लावता खालच्या कापडाला लावा, देवाला चालतं. उलट खंडेनवमीला सगळं बाहेर येतंच तर तेव्हाच शेजारी स्टीलची पट्टी ठेवून प्रत्येक वस्तूचे फोटो काढा, पूर्ण, मूठ, लेख, नंबर, खोट.

तलवार आणि जुन्या वस्तूंसाठी कलावस्तूंच्या वर्गातला रजिस्टर्ड व्हॅल्यूअर शोधा. शेजारच्या सोनाराने मुठीतल्या चांदीचं वजन केलं म्हणजे व्हॅल्यूएशन झालं असं नाही. जो व्हॅल्यूअर स्वतःच विकत घ्यायची तयारी दाखवतो त्याचा आकडा धरू नका. १०० वर्षांवरची वस्तू पुरावशेष कायद्यात येते आणि खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून अमेरिकेतल्या भावाने मागितली तरी ती इथेच राहणार आणि विमाही इथलाच लागणार.

विम्यात सगळ्यात मोठा गैरसमज चोरीचा. २०२१ पासून आलेली भारत गृह रक्षा पॉलिसी बऱ्याच जणांकडे आहे, पण तिच्यात आग, पूर, भूकंप असं काही झालं आणि त्यामुळे पुढच्या ७ दिवसांत चोरी झाली तरच ती धरतात, नुसत्या घरफोडीसाठी बर्गलरी कव्हर वेगळं घ्यावं लागतं. अँटिक आणि कलावस्तू मौल्यवान वस्तूंच्या ऐच्छिक कव्हरमध्ये जातात, तिथे रक्कम आधी ठरलेली असते. एकूण ५ लाख आणि एका वस्तूला १ लाखापर्यंत व्हॅल्यूएशन सर्टिफिकेट मागत नाहीत, वर गेलात की लागतं. लायसनवाली बंदूक आणि तलवारी त्या यादीत बसतात का, हे एजंटच्या तोंडी नको, कंपनीकडून ईमेलवर घ्या, आणि प्रत्येक वस्तू नंबरसकट पॉलिसीच्या यादीत छापून आली पाहिजे. गंज, वाळवी, हळूहळू झालेलं नुकसान कुणी भरून देत नाही. बर्गलरीत दरवाजा फोडल्याची खूण मागतात, घर सलग किती दिवस बंद चालेल याची अट असते, गावचा वाडा वर्षभर कुलूपबंद असेल तर ही ओळ आधी वाचा. निवडणुकीत बंदूक जमा करायला लावतात तेव्हा ती तुमच्या घरात नसते, म्हणून पावतीवर नंबर आणि स्थिती लिहून घ्या आणि त्या काळात कव्हर चालू आहे का तेही विचारा.

फोटो, लायसन, व्हॅल्यूएशन, पॉलिसी यांची एक फाइल घराबाहेर, लॉकरमध्ये किंवा बहिणीकडे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकू नका, चोराला यादीच मिळते.

चोरी झालीच तर त्याच दिवशी एफआयआर, लायसन देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवणं, कंपनीला कळवणं, आणि पंचनाम्यात प्रत्येक वस्तू यादीतल्या वर्णनानेच लिहिली जातेय ना ते उभं राहून बघा. तपास लागला नाही तर कंपनी पोलिसांचा शेवटचा अहवाल, म्हणजे ए समरी, मागते, त्याला महिने लागतात, पाठपुरावा सोडू नका. क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागात लेखी द्या, तिथे नाही सुटलं तर ५० लाखांपर्यंतच्या वादासाठी विमा लोकपालाकडे जाता येतं, मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे आणि तिथे वकील लागत नाही.