‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बसवताय? या चुका टाळा

विजय तेंडुलकरांचं हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेनं अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणलं. एका गावात प्रयोगाला आलेली नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला रचतात, त्यात आपल्यातल्याच शिक्षिका बेणारेबाईंना आरोपी करतात आणि खेळता खेळता तिचं खासगी आयुष्यच चव्हाट्यावर आणतात, अशी ही गोष्ट. तेव्हापासून हौशी मंडळी ते हौसेनं बसवत आली आहेत. संहिता बांधीव आहे, त्यामुळे प्रयोग सहसा पडत नाही. पण प्रतीकं ठळक करायच्या नादात या नाटकात अपराध नेमका कुणाचा, तेच पुसलं जातं.

पहिली गफलत बेणारेबाईंच्या प्रवेशातच होते. पुढे काय होणार हे नटीला ठाऊक असतं, म्हणून ती आल्या आल्या चेहरा पाडून वावरते. अहो, ही बाई हसत, टिंगल करत, गावातल्या सामंतांची फिरकी घेत येते. शाळेतल्या कामाचा तिला अभिमान आहे. हे हसू खरं वाटलं नाही, तर पुढच्या दोन अंकांत हिरावून घ्यायला उरतं काय? शिवाय तिची निरागसता म्हणजे अजाणपणा नव्हे. पंधराव्या वर्षाच्या आत-बाहेर सख्ख्या मामानं फसवल्यानंतरही तिनं जगण्यावरचं प्रेम सोडलेलं नाही.

दाराच्या कडीकडे नेपथ्यकार हमखास दुर्लक्ष करतात. सुरुवातीला त्याच कडीत बेणारेचं बोट चेमटतं आणि पुढे त्याच दारानं ती अडकते. कडी खरी हवी, आवाज करणारी हवी. नुसत्या अभिनयानं ‘दार लागलं’ दाखवलंत, तर तो सापळा प्रेक्षकाला जाणवत नाही.

शेवटाकडच्या बेणारेच्या स्वगताच्या वेळी कोर्टातली माणसं माना खाली घालताना, डोळे टिपताना दिसली, तर तालीम तिथेच थांबवा. न्यायाधीश झालेले काशीकर तिला बोलायला दहा सेकंद देतात. बाकीचे गोठतात, प्रकाश बदलतो आणि ती बोलते. पण त्या कोर्टाला यातला एक शब्दही ऐकू जात नाही. त्यांच्या लेखी आरोपी गप्पच होती. त्यांना पश्चात्ताप वाटायला लावणं म्हणजे त्यांची फुकटात सुटका करणं.

आता तो हिरवा कापडी पोपट. बऱ्याच प्रयोगांत शेवटी त्याच्यावर स्पॉट पडतो, बासरी वाजते आणि पोपट म्हणजे बेणारेची हरवलेली निरागसता, असा जणू फलक झळकतो. स्पर्धेच्या परीक्षकांना हे आवडतही असेल! पण पोपट कुणाचा, हे बघा. तो सामंतांनी पुतण्यासाठी आणलेला. हा गावातला भाबडा माणूस साक्षीदार म्हणून उभा राहतो, हातातल्या कादंबरीतला मजकूर भीत भीत सांगतो आणि तीच बनावट साक्ष बेणारेवर शेकते. बेणारेच्या पोटातल्या मुलाचे वडील प्रोफेसर दामले तर मंचावर फिरकतही नाहीत. बाकीचे घड्याळ बघत खऱ्या प्रयोगाच्या गडबडीला लागतात. तिच्याजवळ जायला बिचकणारा माणूस एकच, आणि बोलायला काही सुचत नाही म्हणून तो पोपट ठेवून जातो. निरागसता त्याचीही गेली आहे.

म्हणून पोपट मोठा करू नका, झगझगीत तर नकोच. जत्रेत मिळतो तसला पुरे. ‘चिमणीला मग पोपट बोले’ हे गाणंही बेणारेच्याच आवाजात, साधं ऐकू येऊ द्या. आणि सामंतांची भूमिका ‘सोपी आहे’ म्हणून नवख्याच्या गळ्यात मारू नका. वकील सुखात्मे एखादा तयार नट सहज निभावून नेईल. सामंतांना मात्र पोपट ठेवताना काहीही न दाखवता दाखवायचं आहे. तालमीतला जास्त वेळ तिथे द्या.